न पिळता द्या

ड्रायर फिरायचा थांबला की कारणं चारच असतात. झाकणाचा स्विच, ब्रेकची वायर, कपॅसिटर, नाहीतर टबाखाली जाऊन बसलेला कुणाचा तरी मोजा. बावीस वर्षं नाशकात मशिनं दुरुस्त करतोय, पाचवं कारण मला अजून कुणी दाखवलेलं नाही. त्यामुळे उज्वलाताईंचा आठवड्यात तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी काळजीत पडलो नाही, चिडलो. माझं काम परत येत नाही.

उज्वलाताई पंचवटीत एका यात्री निवासाच्या तळमजल्यावर कपडे वाळवून देतात. रामकुंड तिथून दोन गल्ल्यांवर. दहाव्याला आलेली माणसं कुंडात बुडी मारतात आणि नंतर त्यांना एसटीची घाई असते. ओलं धोतर घरापर्यंत कोण वागवणार? त्यात दोन आठवड्यांपूर्वी मीच ताईंना एक अक्कल शिकवली होती. म्हटलं, दारावर पाटी लावा, ‘कपडे न पिळता द्या, मशीन आहे’. लोक खूश होतील. झालेही. पण पाटी लागली आणि ड्रायर बंद पडायला लागला. मी अर्थातच या दोन गोष्टींचा संबंध लावला नाही.

ताईंचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले. मूलबाळ नाही, माहेरीही कुणी उरलेलं नाही. त्या खोलीतच त्या काम करतात आणि तिथेच राहतात. आता तक्रारी इतक्या वाढल्या होत्या की निवासाच्या मॅनेजरनं सांगून टाकलं होतं, अकरा वाजता स्वतः बघायला येतो, मशीन बंद दिसलं तर खोली रिकामी करा.

मी साडेनऊला पोचलो. स्विच ठीक, वायर ठीक, कपॅसिटर मागच्या खेपेला नवा टाकलेला. टब काढून खाली बघितलं, मोजा नव्हता. माझा पंचा बादलीत बुचकळून तसाच निथळता टाकला. ड्रायर झकास फिरला, पाइपातून पाणी धो धो आलं. मग निवासाची जाड चादर टाकली. तीही कोरडी ठणठणीत. मी विजयी मुद्रेनं ताईंकडे बघितलं.

त्यांनी गिऱ्हाइकाचं एक ओलं धोतर टाकलं.

अर्धा फेरा झाला आणि टब थांबला. मोटार गुरगुरत राहिली. मी घड्याळ लावून दोन मिनिटं तसंच चालू ठेवलं. अडकलेली मोटार एवढ्या वेळात चटका बसेल इतकी तापते. मी हात लावला तर ती गार होती, माठासारखी. पाइपातून थेंबही नाही. मशीन बंद करून टब हातानं फिरवायला गेलो, तर तो बोटभर सरकला आणि तेवढाच मागे आला. जोरानं नाही, हळूच. लहान मूल आपलं बोट धरून ठेवतं ना, तसा. मला भीती वाटली, ते लपवण्यात अर्थ नाही.

साडेदहा वाजले होते. ताईंनी कोपऱ्यातली ट्रंक ओढून तिच्यात भांडी भरायला घेतली होती.

धोतराचे मालक दारातच बसलेले होते. गेणूबाबा, नामपूरचे, भावाच्या दहाव्याला आलेले. त्यांनी विचारलं, धोतर पिळलं होतं का. मी पाटीकडे बोट दाखवलं. बाबांना वाचता येत नव्हतं. धोतर देताना मशीनच पिळेल असं ताईंनी सांगितलं होतं, म्हणून त्यांनी तसंच दिलं होतं.

“आमना बाप सांगे,” ते म्हणाले, “जेस्ना मांगे कोन्ही नही, तेस्नं पानी शे ते.”

ज्यांच्या मागे कुणी नाही, त्यांचं पाणी. तर्पण झाल्यावर धोतर पिळतात ते त्यांच्यासाठी, हे मीही लहानपणी ऐकलं होतं. ऐकून सोडून दिलं होतं.

बाबांनी टबातून धोतर काढलं, दाराबाहेरच्या पायरीवर उभे राहिले आणि डाव्या अंगाला पिळलं.

पाण्याची धार लागली. मी स्वतः बघितली.

आवाज झाला नाही.

पायरी कोरडी होती.

मी वाकून बघायला गेलो तर बाबांनी माझा दंड धरला. “देखू नको,” म्हणाले.

धोतर परत टाकलं. ड्रायर फिरला. अकराला मॅनेजर आला, दोन मिनिटं उभा राहिला, बरं म्हणून गेला. ताईंनी ट्रंक रिकामी केली. मी पाटीवरचा ‘न’ खरवडून काढला, ‘पिळता’चं ‘पिळून’ केलं, आणि पाण्याच्या वजनानं मोटारीवर लोड येत असणार असं ताईंना ठासून सांगितलं. चादर धोतरापेक्षा जड होती, हे त्यांनी मला ऐकवलं नाही. त्या चांगल्या आहेत.

पंधरा दिवसांनी दुपारी तिकडून जाताना गाडी थांबवली. मशीन एकदाही बंद पडलं नव्हतं. गिऱ्हाईक वाढलं होतं, दिवसाला चाळीस-चाळीस धोतरं दारात पिळली जात होती. पायरीवर धूळ होती. ताई तिथेच बसल्या होत्या, मांडीवर पिळा घातलेली ओली साडी.

“ही तुमची?” मी विचारलं.

“हो. रोज इथंच पिळते आता,” त्या म्हणाल्या. “माझ्या मागे तरी कोण आहे, सोमनाथभाऊ? आधीच ओळख असलेली बरी.”

मी गाडी सुरू केली. ताई मात्र पायरीवर जरा सरकून बसल्या, एका माणसापुरती जागा करून.