शेंदऱ्याची आढी

"बाजूला हो! उंबऱ्याच्या आत पाय टाकशील तर बघ!"

सासूच्या, तानुबाईंच्या, त्या आरोळीनं येसू जागच्या जागी थिजली... ज्या खोलीतून पिकल्या फळाचा घमघमाट यायला हवा होता, तिथून आंबूस, उग्र दर्प येत होता. आत धाकटी जाऊ अंजना आढीवरचा पेंढा बाजूला करत होती आणि एकेक आंबा उचलताना तिची बोटं सालीतून आत रुतत होती. फळ वरून पिवळंधमक, पण देठापाशी काळा डाग, आणि तो डाग निम्म्या आंब्यापर्यंत उतरलेला! खालच्या थराचा तर नुसता चिखल झाला होता.

"ह्या साली बी नासली!" उंबऱ्याबाहेर घोंगडीवर बसलेल्या तानुबाईंनी कपाळावर हात मारला. "का न्हाई नासायची? परवा ही आत शिरली हुती. मी बघितलं माझ्या डोळ्यांनी!"

"पेंढ्याची काडी भाईर आली हुती, ती आत सारली, आत्याबाई. आंब्याला न्हाई शिवले."

"काडी सारली म्हंजे शिवलीसच की! माझा जोतीराम गेला तवापास्नं ह्या घरात एक आढी धड निघाली न्हाई. हिवाळ्यात धरणी हलली, भिंत फाटली. आता आनी काय बघायचं ऱ्हायलंय?"

डिसेंबरातल्या भूकंपानं भिंतीला गेलेली भेग खरंच समोर दिसत होती. तिचाही दोष आपल्याच पदरात पडावा, याचं येसूला एरवी हसू आलं असतं... आज मात्र हसू येईना.

मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगराच्या कुशीत वसलेली ती वाडी. तिथं घरोघरी आंब्याची झाडं, आणि वैशाख आला की घरोघरी आढ्या. झाडावर तयार झालेला पण अजून टणक असलेला आंबा काढायचा, भाताच्या कोरड्या पेंढ्यात थराथरानं झाकायचा आणि त्याला त्याच्याच उबेनं सावकाश पिकू द्यायचं, याचं नाव आढी लावणं. दिसायला सोपं काम. पण हे काम जाणत्या हाताचं. आणि या घरची चाल अशी, की आढीला हात लावायचा तो फक्त सवाष्णीनं. एकेकाळी तानुबाईंची आढी पंचक्रोशीत नावाजलेली होती. नवरा गेला त्या दिवसापासून त्या उंबऱ्याबाहेर येऊन बसल्या, आणि थोरली सून म्हणून येसू आत गेली. मग शेंदऱ्या आंब्याच्या झाडावरून पडून तिचा नवरा जोतीराम गेला... आणि येसूलाही बाहेर यावं लागलं.

"धोंड्या," तानुबाईंनी धाकट्या मुलाला हाक मारली, "हिला उद्या येष्टीत बसवून दे. सांगलीला भाऊ हाय तिचा. ऱ्हाऊ दे तितंच."

भाऊ सांगलीच्या हळदीच्या पेठेत पोती वाहत होता. एका खोलीत त्याचा सारा संसार, आणि त्या संसाराच्या कडेला आता ही विधवा बहीण! पण येसूचं काळीज चिरलं ते त्या विचारानं नव्हे. ती धोंडिरामाकडं पाहत होती. ज्याला तिनं लग्न होऊन आल्या दिवसापासून पोटच्या पोरासारखं वाढवलं, तो तिचा दीर मान खाली घालून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभा होता.

आढी का नासते हे त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं. एक धोंडिराम, आणि दुसरी ती.

जोतीरामाला झाडाखालून उचलून आणला, त्या दिवशी येसूनं वेड्यासारखं या पोराला छातीशी धरलं होतं. "भावजी, माझी शपथ हाय! त्या झाडावर पाय ठेवशीला तर माझं मेलेलं तोंड बघशीला!" त्यानं शपथ घेतली आणि पाळली. पण आंबे उतरवायला तर हवेत! मग तो भल्या पहाटे एकटाच जाई, खालून काठीनं फांद्या झोडपी. आंबे दगडांवर आपटत, देठ मुळातून तुटत, साली खरचटत. आईला माती दिसू नये म्हणून तो ते सगळे ओढ्यावर नेऊन खळखळून धुई. आणि ओले, मुका मार लागलेले, देठ तुटलेले ते आंबे पेंढ्यात गेले, की देठाच्या उघड्या जागेतून रोग आत शिरे... पेंढ्याच्या उबेत तो फळाफळातून पसरत जाई.

"माझा धोंडी कसं चकचकीत आंबं आणतोय!" तानुबाई कौतुकानं म्हणत.

येसूनं एकदा ओढ्यावर धुणं धुताना त्याला पाहिलं होतं. तो रडला होता. "वैनी, कुणाला सांगू नगा. वाडी मला भित्रा म्हणंल." ती बोलली नाही. बोलली असती तर सासूनं त्याला झाडावर चढवला असता, आणि त्या झाडानं एक घेतला तसा दुसराही... नको रे देवा! त्यापेक्षा लोक तिच्या पांढऱ्या कपाळाला नावं ठेवतात, तर ठेवू देत! दर वैशाखात तिनं तो कलंक मुकाट्यानं माथी घेतला होता.

पण आज, या नासक्या दर्पात उभी असताना, तिच्या आत काहीतरी ताठ उभं राहिलं. आपण पोराला वाचवलं की त्याला खोटं बोलायला शिकवलं? आणि आपला हात... ज्या हातानं या घराचं शेण काढलं, भात लावला, आजारपणं काढली, तो हात फळ नासवतो?

तिनं हातातली केरसुणी कोपऱ्यात ठेवली.

"जाते, आत्याबाई. पर उद्या न्हाई. शेंदऱ्याच्या शेंड्याला अजून आंबं हायेत. ते मी काढणार, आनी आढी बी मीच लावणार. ती नासली, तर येष्टीची वाट मला ठावी हाय. बसवून द्यायला कुणी यायला नगं."

"तू? झाडावर?" तानुबाई घोंगडीवरून अर्धवट उठल्या.

"मी चोरून न्हाई चढायची. बघायला या!"

भर उजेडात, सगळ्या वाडीच्या देखत येसू शेंदऱ्याखाली आली. घट्ट कासोटा घातलेला, कमरेला दोर, दोराला पाटी, हातात आंबे खुडायचा, काठीला जाळी बांधलेला झेला. ओढ्यावरच्या बायका हातातली धुणी टाकून आल्या. पारावरून आप्पासो ओरडले, "आवं येसूवैनी, बाईमाणसानं झाडावर चढायचं बरं दिसतंय व्हय?"

"बाईमाणसानं आंबं खाल्लेलं बरं दिसतंय न्हवं, आप्पासो? मग काढलेलं बी दिसंल!"

बायकांत खसखस पिकली. येसूनं खोडाला हात जोडले आणि पाय रोवला.

खालच्या फांद्या झोडपून उघड्या पडल्या होत्या. आंबे होते ते वर, उन्हात शेंदरी गाल झळकवणारे. ती चढत गेली... आणि त्या बेचक्यापाशी आली. इथूनच! याच फांदीवरून तिचा धनी गेला होता! तिनं गाल फांदीला टेकवला आणि डोळे मिटून घेतले. 'धनी... तुमच्या माघारी पहिल्यांदाच आलीया इथवर. आज मला पडू देऊ नगा.'

खालून किंकाळी आली. "वैनीऽ!"

धोंडिराम धावत आला होता. वर पाहत, छाती फुटल्यासारखा तो ओरडला, "आई! तिला उतरीव! तिचा काय दोष न्हाई! मी आंबं झोडपतोय... काठीनं! मातीत पडल्यालं आंबं मी ओढ्यावर धुऊन आणतोय! मी भित्रा हाय, आई, भित्रा! आनी तिला ते ठावं हुतं. ठावं असून ती गप ऱ्हायली... माझ्यासाठनं!"

बायकांच्या मागं तानुबाई उभ्या होत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं.

"भित्रं न्हवं तुमी, भावजी!" वरून येसूचा आवाज आला, कापरा पण खणखणीत. "मीच तुमच्या पायात शपथ अडकवली हुती. आज मीच ती सोडवते. सुटली शपथ! यायचं आसंल तर या, न्हाई तर खालनं पाटी झेला. पर आता काठी नगं!"

धोंडिरामानं डोळे पुसले. एक क्षण तो झाडाकडं पाहत राहिला... आणि मग चढू लागला. बेचक्यापाशी तिच्या शेजारी येऊन टेकला तेव्हा त्याचे दात वाजत होते. येसूनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग तिनं पहिला आंबा देठासकट खुडला, बोटभर देठ राखून, आणि त्याच्या हातात दिला.

तरीही तानुबाई विरघळल्या नाहीत! घरी आल्यावर त्या भिंतीकडं तोंड करून म्हणाल्या, "झोडपलेलं आंबं नासलं, कबूल. त्यासाठनं धोंड्याला मी बघून घेईन. पर चाल ती चाल. पांढऱ्या कपाळाची आढी पिकल्याली मी तरी बघितली न्हाई."

"मग आता बघा," येसू म्हणाली.

तिनं उन्हानं तापलेले आंबे आधी सावलीत निवू दिले. देठ खाली करून चीक निथळू दिला, कारण तो फळावर ओघळला की साल भाजून काळी पडते. पाण्याचा थेंब लावला नाही. कोरड्या फडक्यानं टिपून घेतले. खरचटलेला, टोचलेला आंबा दिसला की लोणच्याच्या पाटीत. जुना, दमट पेंढा बाहेर नेऊन जाळला आणि नवा, उन्हात कडकडीत वाळलेला अंथरला. एक आंबा दुसऱ्याला चिकटणार नाही अशी एकेक ओळ, वर पेंढा, पुन्हा ओळ. शेवटी पोती पांघरली. अंजना दारात उभी राहून डोळे विस्फारून बघत होती.

"आक्का, हे मला कुणी असं सांगितलंच न्हाई गं."

"सांगणारीला उंबऱ्याभाईर बसीवलं हुतं, मग कोण सांगणार?"

घोंगडीवर तानुबाईंची मान किंचित हलली.

मग वाट पाहणं आलं. येसूनं आपलं गाठोडं बांधून दारामागं ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं. जाता-येता तानुबाईंची नजर त्या गाठोड्यावर पडे आणि परत फिरे. धोंडिराम घास गिळेना. आणि एका सकाळी, चूल पेटायच्या आधीच, घरभर एक वास पसरला... गोड, गडद, जिभेला पाणी सुटावं असा! शेंदऱ्याचा वास! तानुबाई घोंगडीवर ताठ बसल्या. त्यांच्या नाकपुड्या थरथरल्या.

"अंजने, आढी उघड," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

"मी न्हाई, आत्याबाई," अंजनानं आयुष्यात पहिल्यांदाच सासूला नकार दिला. "आढी आक्काची हाय. तीच उघडंल."

येसूनं पोती बाजूला सारली, पेंढा उकलला. सोन्यासारखे, शेंदरी गालांचे आंबे ओळीनं निजलेले! धोंडिरामाच्या तोंडून हुंदका फुटला. पण कोपऱ्यात येसूचा हात थबकला. एक आंबा काळा पडला होता. तिनं तो लपवला नाही. सरळ उचलून सासूपुढं धरला.

"ह्यो एक गेला, आत्याबाई. चांगल्या आढीत बी जातोच एखादा. नाव ठेवायचं तर ठेवा."

तानुबाईंनी आंब्याकडं पाहिलंच नाही. त्या तिच्या हाताकडं पाहत होत्या. मनगटापासून बोटांपर्यंत चिकानं भाजल्याचे काळे डाग उमटले होते. त्यांनी तो हात ओढून मांडीवर घेतला आणि शेजारी आपला सुरकुतलेला तळहात ठेवला. त्यावरही तसेच डाग होते... जुने, पुसट, पण तसेच.

"माझं बी हात असंच हुतं गं, येसे!" त्यांचा बांध फुटला. "तुझा सासरा गेला, त्या दिशी माझ्या सासूनं हातातनं पेंढा काढून घेतला. मी रडले बी न्हाई. म्हनलं, चाल हाय... आनी जे माझं काढून घेतलं, तेच मी तुझं काढून घेतलं! माझ्या लेकराला तू जपलंस, आनी मी तुला घराभाईर काढायला निघाले हुते!"

येसूच्याही डोळ्यांतून धारा लागल्या. पण ती सासूच्या पायावर वाकली नाही. तिनं तो भाजलेला हात पुढं केला.

"उठा. आत या."

"मी? आगं, येडी का काय... माझं कपाळ..."

"तुमच्या आनी माझ्या कपाळात फरक काय हाय? उंबरा वलांडा, आत्याबाई. तुमी आत आल्याबिगर मी पहिला आंबा देवापुढं ठेवायची न्हाई. नासू दे मग सगळी आढी!"

तानुबाई उठल्या. भिंतीचा आधार घेत उंबऱ्यापाशी आल्या, थांबल्या... दारामागचं गाठोडं त्यांनी पायानं दूर सारलं, आणि पाऊल आत टाकलं. अंजनानं त्यांना धरलं. त्या पेंढ्यापाशी बसल्या, डोळे मिटले आणि हात आत घातला. बोटं जणू जुनी वाट चाचपडत होती. एक आंबा त्यांनी बाहेर काढला, अंगठ्यानं हलकेच दाबला, देठापाशी नाक नेलं... आणि मान हलवली.

"ह्यो न्हाई. ह्याला अजून एक दिस ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि तो आंबा पुन्हा अलगद पेंढ्यात झाकून शेजारचा काढून त्यांनी येसूच्या हातात दिला. "ह्यो ने देवाला. तू ने."