वीतभर जागा

राहू दे गं ते मांजर खोक्यात. कशाला ओढून काढतेस? बुटांचं खोकं आहे, त्यात मांजर मावत नाही, हे आपल्याला कळतं. त्याला कळत नाही. शेपूट बाहेर, एक कान दुमडलेला, आणि चेहरा असा की जणू राजवाड्यात बसलंय. मांजरांना अडचणीची जागाच आवडते. चारी बाजूंनी काहीतरी अंगाला टेकलं म्हणजे त्यांना बरं वाटतं, असं म्हणतात.

आता तू विचारलंसच म्हणून सांगतो. पण मधे मधे हसायचं नाही. आणि धाकट्या, तू इकडे माझ्याजवळ येऊन बस, नंतर रात्री आईला उठवशील आणि बोलणी मला बसतील.

मला भुतंखेतं दिसलेली नाहीत. तीस वर्षं टेम्पो चालवला, रात्री-अपरात्री नको त्या रस्त्यांनी गेलो, पण टायर पंक्चर होण्यापलीकडे माझ्या बाबतीत काही झालं नाही. हे झालं ते माझ्या मित्राच्या बाबतीत. त्याला सगळे कुशनवाला म्हणतात. सोफे, खुर्च्या, गाद्या, सगळं नव्याने भरून देतो. पुढे दुकान, मागे दोन खोल्यांचं घर. घरात तो आणि वहिनी. मुलगी लग्न होऊन गावातच दिलेली. आणि दुकानात एक मांजर, चिंधी. कापडाच्या चिंध्यांच्या ढिगात सापडली म्हणून चिंधी.

तिचे नखरे काय सांगू! दोऱ्याच्या रिळांचा डबा रिकामा झाला की ही त्यात. ड्रॉवर चार बोटं उघडा राहिला की ही त्यात. माझं हेल्मेट मी टेबलावर ठेवायचो, तर निघताना आधी चिंधीला उपसून काढावं लागायचं. कुशनवाला मोजमापं लिहायला बसला की नेमकी वहीवर बसणार. टेबलावरची कात्री पंजाने हळूहळू कडेला सरकवणार, आपल्याकडे बघणार, आणि पाडणार. वहिनी म्हणायच्या, "मुलीनेसुद्धा एवढं छळलं नाही हो मला."

तर गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. एका गिऱ्हाइकाच्या घरून सोफा आणायचा होता. तीन माणसांचा, जुना, दणकट सागवानी. त्या घरातले म्हातारे गृहस्थ महिन्यापूर्वी त्याच सोफ्यावर बसल्या बसल्या गेले होते. त्यांची बायको लेकीकडे गेली होती, ती परत यायच्या आत सोफ्याचं रूप पालटून टाकावं, असं मुलाच्या मनात होतं.

"बाबा बसले की सोफा भरला," मुलगा मला सोफा उचलायला हात लावता लावता म्हणाला. "अंगाने थोराड, त्यात पाय फाकून बसायची सवय. आई आपली सोफ्याच्या या उजव्या हातापाशी, वीतभर जागेत. चाळीस वर्षं."

खरंच, डावीकडच्या आणि मधल्या गादीला मिळून एकच मोठा खळगा पडला होता. उजव्या हाताशी चिंचोळी पट्टी तेवढी वर राहिलेली. मी सोफा दुकानात उतरवला आणि विसरून गेलो.

दोन दिवसांनी चहाला गेलो तर कुशनवाला म्हणाला, "अरे, ही बघ बावळट." चिंधी त्या सोफ्यावर झोपली होती. अख्खा सोफा मोकळा, आणि ही उजव्या हाताला चिकटून, अंग आक्रसून. एक पाय बाहेर लोंबकळत होता. त्याने तिला उचलून मधोमध ठेवलं. ती टुणकन उठली आणि परत कडेला. पुन्हा ठेवलं. पुन्हा कडेला. तिसऱ्यांदा ती त्याच्यावर गुरगुरली.

"मालक बसलेत वाटतं," मी म्हणालो. आम्ही दोघंही हसलो. आज ते हसणं आठवलं की माझीच मला लाज वाटते.

त्याच आठवड्यात वहिनींच्या छातीत दुखायला लागलं. हृदयाचं ऑपरेशन झालं. कुशनवाल्याचा जीव टांगणीला लागला होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, धोका टळला, बुधवारी सकाळी घरी न्या. पण महिनाभर नुसती विश्रांती. शांत झोप हवी, आणि कसलाही धक्का बसता कामा नये. या माणसाने घर धुऊन काढलं, पलंगावर नवी चादर घातली, वहिनींच्या बाजूला दोन उशा रचल्या. वहिनींची बाजू भिंतीकडची, याची दाराकडची. इतकी वर्षं तसंच.

सोफाही बुधवारीच पोचवायचा होता. मंगळवारी, अठरा तारखेला, त्याने तो उघडला. जुनं कापड फाडलं, दबलेला काथ्या पोत्यात भरून मागच्या दारी भंगारवाल्यासाठी ठेवला, नवा फोम बसवला, नवं हिरवं कापड ताणून ठोकलं. रात्री नऊला मला फोन. "चिंधी सुधारली बघ! सोफ्यावर आडवी-तिडवी पसरलीये, तिन्ही गाद्या अडवून." मी म्हणालो, झोप आता, सकाळी साडेआठला टेम्पो आणतो.

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी पुन्हा फोन वाजला.

"ये," तो म्हणाला. एवढंच.

"कुठे? काय झालं? वहिनी...?"

"ती बरी आहे. तू ये रे."

मी गेलो. तो दुकानाच्या पायरीवर बसला होता. नुसत्या बनियनवर, त्या थंडीत. मग त्याने सांगितलं ते असं.

पाऊण वाजता त्याला जाग आली. चिंधी पलंगावर आली होती. ती उशापाशी असलेल्या लाकडी फळीवरून, अगदी तोल सांभाळत, चालत आली आणि याच्या पाठीमागे घुसली. भिंतीकडे वहिनींची सगळी जागा रिकामी. तरी ही याच्या पाठीला चिकटून, वीतभर फटीत. याला ढकलायला लागली. हा पलंगावरून पडायला आला.

"अगं, तिकडे जा की," म्हणून त्याने तिला उचललं आणि वहिनींच्या जागेवर ठेवायला गेला.

चिंधीने पाय टेकले नाहीत.

चारही पाय पोटाशी घेतले. अंग आखडलं. त्याच्या हातातून निसटली, फळीवर चढली, फिरून आली. पुन्हा त्याच फटीत.

त्याने दिवा लावला.

चिंधी त्याच्याकडे तोंड करून बसली होती. पाठ भिंतीच्या बाजूला. रेलून बसली होती. कशाला तरी टेकून. त्या अंगाचे केस... चपटे झाले होते. दाबल्यासारखे. आणि मागे काहीच नव्हतं. चादर होती. दोन उशा होत्या.

कुशनवाला सांगता सांगता थांबला. मागच्या खोलीतला दिवा तसाच जळत होता. आम्ही दोघंही तिकडे बघत नव्हतो.

"मी त्यांची जागा मोडली," तो शेवटी म्हणाला. "चाळीस वर्षांची. आता ते... उद्या दहाला तिला घरी आणणार आहेत रे. तिची बाजू आहे ती. तिला मी कुठे..."

एवढा पन्नाशीचा माणूस, हमसून हमसून रडायला लागला. मी त्याला म्हणू शकलो असतो की तुला स्वप्न पडलं. म्हणालो नाही. त्याच्या हातावर उभा राहिलेला काटा मला दिसत होता.

मग आम्ही कामाला लागलो. मी बॅटरी धरली. त्याने नवं कापड उसवलं, फोम काढला. मागच्या दाराचं पोतं ओढत आणलं. जुना काथ्या त्याने हाताने थापून थापून बसवला, डावीकडे आणि मधे तोच खळगा, उजवीकडे तीच उंच पट्टी. पिना ठोकल्या तर शेजारी उठतील म्हणून वाकड्या सुईने टाके घातले. बोटातून रक्त येत होतं, त्याचं लक्ष नव्हतं. मधे मधे तो पुटपुटत होता, "काका, चुकलं माझं. तयार आहे जागा. या. या इकडे..."

चार वाजून वीस मिनिटांनी शेवटचा टाका पडला.

त्याने आत जाऊन चिंधीला आणलं आणि सोफ्यावर सोडलं. मी बॅटरी तिच्यावर धरली. तिने वास घेतला. खळग्याच्या कडेने चालत गेली. थांबली. आणि उजव्या हाताला चिकटून, त्या पट्टीत, अंग चोरून बसली.

कुशनवाल्याने सोफ्याला हात जोडले. मला मिठी मारली. नंतर आम्ही चहा केला, आणि तो दोन कप प्यायला.

साडेनऊला सोफा त्या घरी पोचवला. म्हातारी काकू आदल्या रात्रीच आली होती. बारीक अंगाची, पांढरा अंबाडा. सोफा जागेवर लावला तशी ती पुढे झाली. कापडावरून हात फिरवला. मग सवयीने उजव्या हातापाशी, वीतभर जागेत बसली. कुशनवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांनीच म्हणाला, झालं एकदाचं.

काकू तशीच बसून राहिली. मुलगा पैसे आणायला आत गेला होता. घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

तिने बाजूला हात टेकला. खळग्यात. जरा वेळ ठेवला.

मग ती सरकली. थोडीशी. आणखी थोडी. पार मधे आली. पाय वर घेतले. मागे टेकली. डोळे मिटले.

"मोकळं झालं हो," ती म्हणाली. "पहिल्यांदा."

कुशनवाल्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. चिंधी पहाटे सोफ्यावर तशी का बसली होती, ते मला आत्ता उमगलं. खळगा आणि हात, मधे अडचण. मांजराला अडचण दिसली, मांजर शिरलं. बुटांच्या खोक्यात शिरतं तसं.

त्याच वेळी त्याचा फोन वाजला. मुलगी होती. "बाबा, लवकर सोडलं डॉक्टरांनी. आईला घरी आणलंय. झोपलीये छान."

आम्ही पैसे घ्यायला थांबलो नाही. मी टेम्पो कसा हाकला ते मला आठवत नाही. तो शेजारी बसून गुडघ्यांवर मुठी आपटत होता.

दुकानातून आत गेलो. चिंधी खोलीच्या दारात, उंबऱ्याच्या बाहेर बसली होती. मुलगी ओट्यापाशी दूध तापवत होती. ती हळू आवाजात म्हणाली, "मी मधोमध झोपवलं होतं, ऐसपैस. आता बघते तर..."

वहिनी भिंतीला चिकटून होत्या. कुशीवर. नाक भिंतीला लागेल इतक्या. अंग चोरून. वीतभर जागेत. बाकी सगळा पलंग मोकळा. चादर सरळ... एवढीशी सुरकुती नाही.

कुशनवाला दारातच थबकला. मी त्याच्या मागे.

"अगं," तो म्हणाला. "अगं... जरा इकडे सरकून झोप की."

वहिनींनी डोळे उघडले नाहीत. झोपेतच, रागावून, नेहमी बोलायच्या तशा बोलल्या.

"तुम्हीच सरका ना थोडं."

...

हो, वहिनी बऱ्या आहेत. भिऊ नकोस. आठ महिने झाले, चालतात, बोलतात, माझी चेष्टा करतात. त्यांना यातलं कुणी काही सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही सांगायचं नाही. कडेला का झोपता विचारलं तर म्हणतात, "कुठे? मी नेहमीसारखीच झोपते की." कुशनवाल्याने तो पलंग मोडून टाकला. नवा केला, साडेसहा फुटी. स्वतः खाली चटईवर झोपतो. पाठीला चटई बरी, असं वहिनींना सांगतो.

गेल्या रविवारी सकाळी मी गेलो होतो. वहिनी उठून बाहेर गेल्या होत्या. त्याने मला आत बोलावलं, चादर उचलली आणि गादी दाखवली. भिंतीकडे वीतभर पट्टी, वहिनींच्या अंगाची. आणि मधे एक मोठा, रुंद खळगा.

मी हात लावून बघितला नाही. तो म्हणाला, ती गादी त्याने आदल्याच दिवशी संध्याकाळी नव्याने भरली होती.