चौथ्या पोर्टचा दिवा

ताई माहेरी पोचली तेव्हा दुपारचं ऊन ओसरीच्या पायरीवर आलं होतं. तिने दाराशेजारचं बटण दाबलं. आत घंटा वाजली नाही, कारण या घरात घंटा नव्हतीच. लहानपणी आलेल्या तापात आईचे कान गेले, ते कायमचे. खिडकीतून ताईला दिसलं, की ओट्याच्या वरच्या भिंतीवर अडकवलेल्या डबीतला पहिला दिवा हिरवा झाला. आईने मान वर केली, हात पदराला पुसले आणि ती दाराकडे आली.

ती डबी ताईनेच केलेली होती. ताई पोटापाण्यासाठी ड्रायव्हर लिहायची. गाडीचा नव्हे, संगणकाचा: जोडलेलं यंत्र चालवणारा प्रोग्राम. वायर जोडायची जी खाच असते तिला पोर्ट म्हणतात. कुठल्या पोर्टवर काही घडलं की कुठला दिवा लागावा, एवढी सांगड त्या प्रोग्राममध्ये घालून द्यावी लागते. पहिला पोर्ट दाराचा, दुसरा कुकरच्या शिट्टीचा, तिसरा गच्चीवरच्या टाकीचा. चौथा बाबांचा.

बाबांचे पाय गेल्यावर त्यांच्या उशाशी एक बटण दिलं होतं. ते दाबतील तेवढा वेळ चौथा दिवा लागायचा. पाणी हवं असेल तर ते एकदाच खूप वेळ दाबत. नुसतंच आईला जवळ बोलवायचं असेल तर दोनदा, हलकेच. ताई आलेली असली की तीनदा, म्हणजे दोघी या. मागच्या वर्षी बाबा गेले. धाकट्या भावाने वायर गुंडाळून कपाटात ठेवली, आणि चौथा पोर्ट रिकामा झाला.

आता आई म्हणत होती, की चौथा दिवा रोज लागतो.

धाकटा परवा गाडी घेऊन येणार होता. त्याने शहरातल्या एका वृद्धाश्रमात आईसाठी खोली बघून ठेवली होती. "ताई, आई एकटी राहण्यासारखी राहिली नाही," तो फोनवर म्हणाला होता. "दिवा लागला म्हणत ती गॅस तसाच ठेवून रिकाम्या खोलीत जाऊन बसते. तुला काय, तू लांब. उद्या काही झालं तर?"

"जरा थांब," ताई म्हणाली होती. "मी बघून येते. माझ्या प्रोग्राममध्येच काही गडबड असेल."

तिला खरोखर तसं वाटत होतं. तिच्या धंद्यात ही चूक नवशिकेच काय, मुरलेले लोकही करतात. डबीवरचे आकडे माणसांसाठी असतात, म्हणून ते एकपासून सुरू होतात. आतली चिप मात्र शून्यापासून मोजते. तेवढा एकाचा फरक विसरला, की एका पोर्टचा दिवा दुसऱ्याच पोर्टला जाऊन चिकटतो. टाकी भरली की बाबांचा दिवा लागत असेल, दुसरं काय!

"जेवलीस का?" आईने विचारलं. स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळे ती कधी फार मोठ्याने बोले, कधी पुटपुटल्यासारखं. आज ती पुटपुटत होती.

"आधी डबी बघू दे," ताईने नुसते ओठ हलवले. आईशी बोलताना आवाज काढायची गरज नसे. त्यामुळे या घरात माणसं बोलत असली तरी शांतताच असायची. लहानपणी तिला ती कधी जाणवली नव्हती. आज जाणवली. फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"बघ बाई. धाकट्याला वाटतं, माझं डोकं फिरलंय." आई हसली. "तुला काय वाटतं?"

लॅपटॉप डबीला जोडून ताईने आकडे तपासले. एकदा, मग पुन्हा. सांगड बरोबर होती. शून्याची चूक कुठेच नव्हती.

तेवढ्यात बाबांच्या खोलीतून त्यांच्या पायांना चोळायच्या मलमाचा वास आला. थंड, कापरासारखा. मलमाची बाटली कधीच फेकून दिलेली होती. आईने नाक वर केलं आणि भिंतीकडे बघितलं.

चौथा दिवा लागला. विझला. पुन्हा लागला... आणि विझला.

ताईने झटकन लॅपटॉपकडे बघितलं. लॅपटॉपवर स्पष्ट दिसत होतं. चौथा पोर्ट: रिकामा. चौथा दिवा: बंद.

"बघितलंस?" आईने गॅस बंद केला, आठवणीने, ताईकडे बघत. "येते हं!" ती आतल्या खोलीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली आणि गेली.

ताईने चौथ्या दिव्याची सांगडच काढून टाकली. मग डबीची पिनही उपटली. आतून आईचा आवाज येत होता. ती रिकाम्या पलंगाशी बोलत होती, सावकाश, दिवसभराचं काहीबाही. घाबरलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. कितीतरी दिवसांनी ताई आईला असं निवांत बोलताना ऐकत होती.

ओट्याशी उभ्या उभ्याच तिने ठरवलं आणि धाकट्याला फोन लावला.

"चूक माझी होती," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा ती कामाच्या बाबतीत खोटं बोलत होती. "शून्यापासून मोजायचं विसरले होते. चौथा दिवा उगाच लागायचा. आई ठणठणीत आहे. गॅससुद्धा आठवणीने बंद केला तिने."





"कुठला दिवा लागायचा म्हणालीस?"

"चौथा. आत्ता माझ्यासमोर लागला होता."

"ताई..." त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "तो दिवा मी मागच्या खेपेला कापून काढलाय. बाबांचा म्हणून तुला सांगवलं नाही, वाईट वाटलं असतं. दिवाच नसला तर आईच्या डोक्यातून जाईल, असं वाटलं. तरी ती लागतो लागतो म्हणायची, म्हणून तर मी... तो इथे माझ्या खणात आहे, ताई."

ताईने डबी भिंतीवरून उतरवली, मांडीवर घेतली आणि झाकणाचे स्क्रू काढले. तीन दिवे जागच्या जागी होते. चौथ्याच्या ठिकाणी तारेची दोन तोडलेली टोकं होती. दिव्यावर बसणारी दुधी प्लॅस्टिकची टोपी तेवढी धाकट्याने झाकणावर तशीच ठेवली होती, बाहेरून कळू नये म्हणून. ताईने ती काढून तळहातावर घेतली.

"तू खरंच पाहिलास?" धाकट्याने विचारलं. तो रडत होता बहुतेक.

"दोनदा लागला."

त्याने नाक ओढलं. मग म्हणाला, "परवा मी येतो. पण गाडीत सामान भरायला नाही. आईच्या हातचं जेवायला. तिला राहू दे तिथेच."

फोन ठेवल्यावर ताई डबी मांडीवर घेऊन बसून राहिली. पिन भिंतीतून काढलेली होती, वायर जमिनीवर लोळत होती. आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, आता मोठा आणि आनंदलेला:

"अहो, सांगायचंच राहिलं की! ताई आलीय!"

मलमाचा वास स्वयंपाकघरात आला. ताईने हाताकडे बघितलं.

तळहातावरची ती रिकामी टोपी हळूच हिरवी झाली. विझली. पुन्हा हिरवी झाली, विझली. आणि मग, जरा थांबून, तिसऱ्यांदा.