उसनी उंची

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, पण ती माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलेली आहे, आणि मावशी थापा मारणाऱ्यातली नाही. भुताखेतांचा विषय निघाला की सगळ्यात आधी तीच हसायची.

आणि हो, अमावस्येची रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती. पुढच्या खोलीत ऊन, डोक्यावर पंखा आणि शिलाई मशीन.

मावशी सोफ्यांची कव्हरं शिवते. मागे तिला एका शोरूमचं मोठं काम मिळालं. सुटेसुटे ठोकळे, हवे तसे जोडायचे की झाला सोफा. दिसायला कुठला सिमेंटचा, कुठला दगडाचा, कुठला विटांचा. हात लावावा तर मऊ, आत सगळा फोम.

"भिंतीला टेकून पाठ दुखते म्हणून लोकांनी सोफे घेतले," मावशी म्हणायची, "आता सोफ्याचीच भिंत करून घेतायत. करा बाबांनो."

विटांचं कापड छापायला डिझायनर बाईंनी पाडायला काढलेल्या एका जुन्या घरातल्या भिंतीचे फोटो घेतले होते. ओल, खिळ्यांची भोकं, सगळं जसंच्या तसं. त्यातल्या एका उंच ठोकळ्याचं कव्हर बेतताना चुकलं. शोरूमने तो नाकारला, मावशीने घरी ठेवून घेतला.

त्या कापडावर पेन्सिलच्या रेघा होत्या. एकावर एक. पोरांची उंची मोजताना मारतो ना, तशा...

सगळ्यात वरची रेघ चिमणीच्या खांद्याशी येत होती. चिमणी म्हणजे मावशीची मुलगी, तेव्हा पहिलीत होती.

शाळेतून आली की ती त्या ठोकळ्याला पाठ लावून उभी राहायची. गप्पा मारायची.

एकटीच.

एकुलती एक पोर, खेळायला कोणी नाही, मारू दे गप्पा, असं मावशीला वाटलं.

मग एकदा ठोकळा झटकता झटकता तिचा हात थांबला...

वरची रेघ चिमणीच्या कानापर्यंत आली होती.

चिमणीनेच काढली असणार म्हणून मावशीने ओल्या फडक्याने घासून पाहिली. रेघ छापील होती. पुसली जाईना.

वर्ष सरलं. नवा गणवेश शिवायला तिने चिमणीचं माप घेतलं. पुन्हा घेतलं.

जुनंच माप.

गेल्या वर्षीचा गणवेश लांबीला बरोबर, खांद्यात बरोबर, कुठेच आखूड होत नव्हता. मावशीने तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काहीच निघालं नाही. काही मुलं उशिरा वाढतात, म्हणाले.

घरी येऊन पाहते तो...

रेघ चिमणीच्या डोक्याच्याही वर गेली होती.

मावशी चिमणीजवळ जाऊन बसली. "चिमणे, तू कुणाशी बोलतेस गं?"

"तिच्याशी." चिमणी चित्र रंगवत होती, मानही वर केली नाही. "तिला कोंडलंय. हात कडीला पोचत नाही. म्हणून मी तिला माझी उंची दिलीय."

"दिलीय म्हणजे?"

"उसनी. बाहेर पडली की परत देणार आहे."

मावशीने कात्री उचलली.

"नको ना आई, थोडंच राहिलंय," म्हणत चिमणी रडत तिच्या कंबरेला बिलगली. मावशीने ऐकलं नाही. शिवण टराटरा उसवली, कव्हर ओरबाडून काढलं. आत नुसता पांढरा फोम.

तेवढ्यात मागे आवाज आला...

पुढच्या दाराची कडी. आतून सरकत होती.

चिमणी तर अजून तिला घट्ट धरून होती.

दार उघडलं. जिन्यावरून अनवाणी पावलं धावत खाली गेली. मावशीने वाकून पाहिलं, जिन्यात कोणीच नव्हतं.

हातातल्या कापडावर विटा होत्या, ओल होती. रेघ एकही नव्हती.

याला बरीच वर्षं झाली. चिमणीच्या वर्गातल्या मुली आता कॉलेजात जातात. चिमणीचं बोलणं, समज, सगळं त्यांच्यासारखंच आहे. पण पहिलीतला फ्रॉक तिला अजून होतो.

परवा गेलो तर दार सताड उघडं. मी म्हटलं, "मावशी, कडी तरी लावत जा गं."

"नको रे," ती मशीनवरून म्हणाली. "परत द्यायला आली आणि दार बंद दिसलं तर? मीच घाई केली. माझीच चूक."

तिची भीती केव्हाच संपलीय. ती वाट बघते, आणि ते बघवत नाही.

निघताना चिमणी मला सोडायला जिन्यापर्यंत आली. हळूच म्हणाली, "दादा, आईला सांगू नकोस. ती येते अधूनमधून."

मी विचारलं, "मग देत का नाही परत?"

"अजून थोडी दे म्हणते." चिमणीने दाराच्या चौकटीकडे पाहिलं. "काल आत येताना तिला वाकावं लागलं."

मी मावशीला अजून काही बोललेलो नाही. दार लाव म्हणू, की उघडं ठेव म्हणू... तुम्हीच सांगा.