फाटकासमोरचा फोटो

"फाटक कुठंय हो?"

राजनंदिनी दचकली. रिमझिम पावसात, हातात टेप धरून ती शिरूरच्या जुन्या तेल मिलच्या दारात उभी होती. टेम्पोतून एक तरुण उतरत होता.

"फाटक असतं तर तुम्हाला दौंडहून कशाला बोलावलं असतं?"

"व्हय की!" तो हसला. "मी विश्वजीत. फॅब्रिकेशनवाला."

त्या हसण्यानं राजनंदिनी घेतलेलं माप विसरली. पुन्हा मोजावं लागलं.

बंद पडलेल्या मिलच्या जागी आता दुकानं आणि सभागृह होणार होतं. गावाची मागणी एकच – भंगारात गेलेलं लोखंडी फाटक होतं तसं परत पाहिजे. साइट इंजिनिअर म्हणून ते काम राजनंदिनीच्या गळ्यात पडलं. नकाशा नव्हता. होते फक्त लग्नाचे फोटो. मिल कामगारांच्या घरी नवं जोडपं देवदर्शन करून आलं, की फाटकासमोर फोटो काढायची रीतच होती.

दोघं घरोघर फिरले. चहा पिऊन पिऊन पोटात ढवळायला लागलं. कडेचे गज जमले, वरची कमान जमली. पण दोन झडपा जिथं मिळतात, तिथली नक्षी एकाही फोटोत दिसेना. नवरा-नवरी नेमके तिच्यासमोर!

शनिवारच्या बैठकीत पुरा नकाशा दाखवायचा होता. नाहीतर साहेब तयार सरकतं फाटक बसवून मोकळे होणार होते. राजनंदिनीला फाटकाची काळजी होतीच. पण खरी काळजी निराळीच होती. फाटक गेलं, की दौंडला जायचं निमित्त गेलं. मग "मॅडम, च्या घेनार?" असं विचारणारं कोण?

शुक्रवारी विश्वजीतच्या वर्कशॉपमध्ये फोटो पसरून ती रडकुंडीला आली.

"एखादं भांडलेलं जोडपं हवं होतं... लांब लांब उभं राहिलेलं."

विश्वजीतनं टेम्पोची किल्ली उचलली. "मग चला की... हुडकू!"

आता 'लग्नाच्या दिवशी भांडला होता का हो?' हे कुणाच्या दारात विचारायचं म्हणजे मार खायचं काम. कुणी हसण्यावारी नेलं, एका काकूंनी दारच लावून घेतलं. शेवटी मिलचे जुने फिटर पोपटराव प्रश्न ऐकून खाली मान घालून बसले. त्यांच्या बायकोनं, विठाबाईंनी, भिंतीवरची देवाची तसबीर उतरवली. पुठ्ठ्यामागून एक फोटो निघाला.

"भांडान न्हाई गं बाई. सासरे कॅमेऱ्यामागं हुबं, म्हून ह्ये लाजून पार तिकडं! मधनं बैलगाडी जाईल. लोक हसत्यात म्हून लपवला."

"तू तरी कुठं सरकलीस?" पोपटराव पुटपुटले.

फोटोत दोघांच्या मधोमध फाटकावर लोखंडी भुईमुगाचं झाड होतं. मुळाशी शेंगा लगडलेलं – अर्धं या झडपेवर, अर्धं त्या. राजनंदिनीनं आनंदाच्या भरात विश्वजीतचा हात धरला... आणि चटका बसल्यासारखा सोडला.

नकाशा मंजूर झाला, फाटक घडलं, बसलंही. पण विश्वजीतच्या तोंडून कामापलीकडं एक शब्द निघेल तर शपथ! शेवटच्या दिवशी तो टेम्पोत सामान भरू लागला, तशी ती टेम्पोजवळ येऊन उभी राहिली.

"काम झालं, मॅडम. आता..."

"आता काय?"

"आता... काय न्हाई."

झालं! संपलं सगळं, असं तिला वाटलं. तेवढ्यात फाटक बघायला आलेल्या विठाबाईंनी दोघांना हटकलं. फाटक घडवणाऱ्यांचा फोटो नको? पोपटरावांनी मोबाईल सरसावला. विश्वजीत एका टोकाला जाऊन उभा राहिला, राजनंदिनी दुसऱ्या.

"आरं, आमच्यावानी करू नगा!" पोपटराव ओरडले. "जलमभर बोलनी खाल्ल्यात म्या!"

"पर आप्पा... मधलं दिसाया पायजे ना," विश्वजीत म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

राजनंदिनीनं ते पाहिलं. ती चालत मधोमध आली.

"मधलं आता नकाशात आहे," ती म्हणाली. "झाकलं तरी चालेल... येताय ना?"

"कवाधरनं यायचंय," तो म्हणाला आणि आला.

त्या फोटोत भुईमुगाचं झाड दिसत नाही. एक पानसुद्धा नाही.