काशीरामची मागे रेंगाळणारी थाप

माझ्या गोष्टींना मीठमसाला लागलेला असतो, हे मीच आधी सांगतो. पण ही गोष्ट तो न लावता देतोय.

आणि भुतं रात्रीच येतात, असं तुम्हाला कोणी सांगितलं? हे भर दुपारी घडलं. गेल्या मार्गशीर्षात, रविवारी. गोरेगाव पूर्व, दिंडोशी. आमच्याच बिल्डिंगमध्ये, माझ्या भिंतीपलीकडच्या घरात.

तिथे जान्हवी एकटी राहते. तिचा बाप काशीराम, आमच्या भजनी मंडळाचा पखवाजवाला. तीन वर्षं झाली त्याला जाऊन.

कॉलेजात असताना पोरीनं त्याचा पखवाज रेकॉर्ड करून एक गेम बनवला होता. ब्राउझरमध्ये उघडायचा. वरून गोल खाली येतात, ठेक्यावर बरोबर बटण दाबायचं. डबलबारीत, म्हणजे भजनांच्या सामन्यात, वाजवणारी पोरं वेडी झाली होती त्याच्यापायी.

त्या दुपारी तिनं मला हाक मारली.

"रामनाथकाका, खेळून बघा ना. सगळा कोड नव्यानं लिहिला. एक ओळ जुनी ठेवली नाही."

"का गं? जुन्यानं काय घोडं मारलं?"

"नवीन ब्राउझरमध्ये चालतच नव्हता. तसाच सोडला असता तर बाबांचा हात गेला कायमचा. दुसरं रेकॉर्डिंगच नाहीये आपल्याकडे."

मग जरा ऐटीत म्हणाली, "आणि ठेका सरळ करून टाकला. आवर्तनाची पहिली थाप दरवेळी जरा मागे पडायची. जुन्या कोडची गडबड."

मी खेळायला बसलो.

पहिली थाप आली. अगदी वेळेवर.

आणि तिच्या मागोमाग... टेबलावर आणखी एक.

मी थांबलो. "वर कमळताई मसाला कुटतायत वाटतं."

"कमळकाकू गावाला गेल्यात. घर बंद आहे."

जान्हवीनं आवाज बंद केला. गोल मुकाट खाली येत राहिले.

पण थाप पडतच होती...

दरवेळी किंचित उशिरा. माझ्या चहावरची साय दर थापेला थरथरत होती.

मी लॅपटॉप खाडकन मिटला.

शांत.

इतकं शांत, की खालच्या रस्त्यावरची रिक्षासुद्धा ऐकू येईना.

जान्हवीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "काका... ही गडबड नव्हती. बाबा असेच वाजवायचे. दम धरून."

तिनं जुन्या कोडची फाईल उघडून त्यातल्या थापांच्या वेळा नव्या कोडमध्ये परत घातल्या. बाकी नवं तसंच ठेवलं. गेम पुन्हा लावला.

काशीराम वाजला. जसा वाजायचा तसा, पहिली थाप रेंगाळवत.

टेबल गप्प.

"सुटलो!" मी म्हणालो.

जान्हवी मात्र टेबलाकडे बघत बसली.

पुढच्या रविवारी भिंतीतून मला थाप ऐकू आली...

धावत गेलो. जान्हवी लॅपटॉपसमोर बसली होती. ठेका पुन्हा सरळ केलेला.

"अगं बये, हे काय केलंस?"

"लोकांसाठी बाबांचा रेंगाळणाराच ठेवलाय, काका. हा फक्त माझा." तिनं मान वर केली नाही. "बरोबर वाजलं की ते येत नाहीत ना."

"वेडी झालीस का? ठेका चुकवला की काशीराम किती चिडायचा, ठाऊक आहे ना तुला?"

"चिडू देत. येतात तरी."

मग दर रविवारी तेच. थाप मात्र दर खेपेला जोरात पडू लागली.

चौथ्या रविवारी मी तिला समजवायला गेलो. मी दारातच होतो. गेम चालू झाला. पहिली थाप झाली. मी टेबलाकडे बघत राहिलो...

टेबलावर काहीच पडलं नाही.

जान्हवी एकदम पुढे हेलपाटली. कोणीतरी पाठीत मारावं तशी.

तिच्या काळ्या कुर्त्यावर पाच बोटं उमटली होती. पांढरी.

मी बोट लावून पाहिलं. ओली कणीक... पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावतात ना, तशी.

काशीरामचा पखवाज तर आम्ही कधीच मंडळाला देऊन टाकला होता.

तिनं हात मागे नेऊन तो ठसा चाचपला. हसली.

"पुसू नका हां, काका."

मी रविवारी आता त्या घरात पाऊल टाकत नाही. टीव्ही मोठा करून बसतो.

पण भिंत एकच आहे...

आणि हल्ली ती थाप सोमवारीही ऐकू येते. जान्हवी ऑफिसला गेल्यावर.