शेषरावची तक्रार

“नव्या सुनेले काई सांगू नोका. शेषराव सुरतले गेला, बस.”

भगवानराव बायकोला, शालूबाईंना, दबक्या आवाजात सांगत होते. दाराआड चहाचा ट्रे धरून उभ्या असलेल्या पुष्पांजलीनं ते ऐकलं. मग ट्रे जरा वाजवतच ती आत गेली. शेषराव कोण, हे काही विचारलं नाही. नव्या सुनेनं विचारायचं नसतं, नुसतं पाहायचं असतं.

पिंपळगाव राजात सासऱ्यांचं पाणपंप विक्री-दुरुस्तीचं दुकान. फोनवरच्या तक्रारी विसरल्या जात, म्हणून नवऱ्यानं, गोकुळनं, तिला काम दिलं. गिऱ्हाइकाचा मेल आला की त्याचं आपोआप तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बनावं, दुरुस्ती झाली की ते बंद व्हावं. दुकानामागच्या खोलीतल्या जुन्या मशीनवर तिनं मेल सर्व्हर बसवला. शेषराव नावाच्या जुन्या मेकॅनिकचं खातं त्यात होतं, ते पुसून टाकलं. त्या घरात तिचं ऐकणारा तो सर्व्हर तेवढाच.

पहिलंच तिकीट उघडलं ते शेषरावच्या नावानं.

‘स्टार्टर ऑटोवर आहे. मी खाली आहो.’

गोकुळ हसला. “मस्करी करून राह्यलं कोनी. बंद कर.”

तिनं बंद केलं. त्यावर उत्तर आलं, तिकीट पुन्हा उघडलं. पुन्हा बंद, पुन्हा तेच. शेवटी तिनं सर्व्हरच्या नोंदी पाहिल्या. मेल बाहेरून आलेलाच नव्हता. तो याच मशीनमधून निघत होता, पुसलेल्या खात्यातून. खोलीत शेवाळाचा ओला वास दाटला होता. बाहेर वैशाख पेटलेला.

“आत्याबाई, शेषराव खरंच सुरतले गेला का हो?”

तांदूळ निवडणाऱ्या शालूबाईंची बोटं थांबली.

“मांगच्या विहिरीत उतरला होता... लाइन नोती. स्टार्टर ऑटोवरच राह्यला. लाइन आली की मोटर आपसूक सुरू होते न... पान्यात करंट उतरला.” त्यांनी दाराकडे पाहिलं. “तुमचं लगन ठरलं होतं, बाई. दाबून टाकलं तुह्या सासऱ्यानं. तू आपली सुरतच म्हन.”

त्या दुपारी लाइन गेली. इन्व्हर्टरवर सर्व्हर तेवढा घुमत होता. पुष्पांजली भाकरीचं पीठ लागल्या हातानं सर्व्हरच्या पडद्यापुढे आली, तर तेच तिकीट उघडलेलं.

‘स्टार्टर ऑटोवर आहे. आम्ही दोघं खाली आहो.’

...दोघं?

ती अनवाणीच धावली. विहिरीच्या काठावर भगवानराव दोर धरून उभे होते. अडकलेली मोटर काढायला गोकुळ खाली उतरला होता.

“काऊन पळून राह्यली, सूनबाई? डोक्यावर पदर घे.”

खालून गोकुळचा आवाज येत होता. तो कुणाशी तरी बोलत होता. मधेच थांबायचा, ऐकायचा, अन् पुन्हा बोलायचा.

सासऱ्यांपुढं आजवर तिनं मान वर केली नव्हती.

“मामाजी, आधी ऑटो काढा! शेषराव सुरतले नाही गेला... तो खाली यांच्यापाशी उभा आहे.”